शेवटच्या बोटीचा भाव

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला सकपाळ सरांच्या घरातून हसण्याचा आवाज आला की हारुन होडेकर उठून आपली खिडकी लावून घ्यायचा. कितीही उकडत असलं तरी लावायचा. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा कमरेइतका गडगा, आवाजाला तो काय अडवणार? खिडकीच्या फटीतूनही यायचाच. आधी चंपावहिनींचा, "अगो बाय, दात पडला तुझा?" मग सरांचं खोकत खोकत हसणं. आणि मधेच एका लहान मुलीचा बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आवाज.

ती मुलगी म्हणजे हारुनचीच नात, आयात. हारुनचा एकुलता एक मुलगा उमेर बहारिनला एसीच्या कंपनीत होता. आयात जन्मली रत्नागिरीत, पण रांगायला लागायच्या आत तिची आई आलिया तिला घेऊन नवऱ्याकडे गेली. आता ती सहा वर्षांची झाली होती. हारुनने तिला तेव्हा मांडीवर घेतलं तेवढंच. त्यानंतर नुसते फोटो. फोनवर ती बोलायची नाही, लाजायची. परदेशच्या फोनवर लाजणं परवडत नाही, त्यामुळे उमेर लगेच तिच्या हातातून फोन काढून घ्यायचा.

सरांच्या घरी मात्र ती दर शुक्रवारी कॉम्प्युटरवर दिसायची. बोलायची, नाचून दाखवायची, पडलेला दात दाखवायची. हारुनला हे गिळवत नव्हतं. नात माझी आणि मजा त्यांची.

सकपाळ सर हायस्कुलातून रिटायर झाले त्या वर्षी त्यांनी कॉम्प्युटर घेतला, आणि टेलिफोन ऑफिसचा ब्रॉडबँड गावात आला तसा तोही लावला. त्यांची मुलगी तेजल पुण्याला नोकरीला होती. तिच्यासाठी लावला असं ते सांगत. चंपावहिनींची आणि हारुनच्या बायकोची, फरीदाची, मैत्री जुनी. एकीचं खोबरं दुसरीच्या पाट्यावर वाटलं जायचं. म्हणून शुक्रवारी फरीदा तिकडे जायला लागली.

त्याची एक पद्धत होती. बहारिनला शुक्रवारी सुट्टी. उमेर जुम्म्याची नमाज पढून घरी आला की रत्नागिरीच्या फोनवर दोन रिंगा द्यायचा आणि ठेवून द्यायचा. फोन उचलायचा नाही, उचलला की पैसे पडतात. दोन रिंगा म्हणजे मी बरा आहे. मग इकडून फरीदा तशाच दोन रिंगा द्यायची, म्हणजे आम्हीही बरे आहोत. गावातल्या आखाती घरांमध्ये अशा रिंगा चालतच. हारुनला तर त्याचा फार अभिमान होता. सगळी खुशाली फुकटात. रिंगा झाल्या की फरीदा डोक्यावर ओढणी घ्यायची आणि दारात थांबायची.

"येताव?"

"दुसऱ्याच्या घरात जाऊन माझी नात बघू? आपल्या घरात लावू आपण."

"कधी?"

"जरा भाव उतरू दे."

हारुनचा सगळा जन्म मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर गेला होता. मासळी घ्यायची, बर्फात घालायची, कोल्हापूरच्या ट्रकवर चढवायची. बंदरावर तो एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होता. तो पहिली बोली कधी लावत नसे. सकाळी बोटी लागल्या की सगळे व्यापारी तुटून पडत, हा बर्फाच्या पेटीवर पाय हलवत बसे. मोठ्या व्यापाऱ्यांचे ट्रक भरून निघून जात. मग उशिरा एखादी बोट लागे, घ्यायला कोणी नसे, आणि तीच सुरमई हारुनला पडत्या भावात मिळे. संध्याकाळच्या ट्रकवर तो ती चढवे. बंदरावर त्याला 'शेवटची बोट' म्हणत. त्याचा त्याला राग नव्हता. त्याच भावावर त्याने घर बांधलं, पोराला शिकवलं.

इंटरनेटलाही त्याने तोच न्याय लावला. आणि तो चुकीचा ठरत होता असंही नाही. गावात पहिला सायबर कॅफे उघडला तेव्हा तासाचे साठ रुपये होते. नंतर चाळीस झाले, मग तीस. दरवेळी तो फरीदाला सांगायचा.

"बघितलंस? थांबलो म्हणून."

"थांबलेत खरे. पण बसलेत कुठं जाऊन?" फरीदा म्हणायची. "मासळी थांबते काय हो? पोर वाढते तिकडे."

"नेट काय नासत नाय गो."

मागच्या वर्षी, रमजानच्या थोडं आधी, पाट्यावर वाटता वाटता फरीदा कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हारुन त्या वेळी बंदरावर होता. बहारिनहून उमेरचा फोन वाजत राहिला, घरात कोण उचलणार? उमेरला शेवटी सकपाळ सरांनीच कळवलं. तो पोचला तोवर दफन होऊन गेलं होतं. चार दिवस राहिला आणि रजा नाही म्हणून परत गेला.

फरीदा गेली, आता सरांकडचे शुक्रवारही बंद होतील असं हारुनला वाटलं होतं. ते झाले नाहीत. दोन रिंगा अजून यायच्या, हारुन परत दोन रिंगा द्यायचा, आणि थोड्या वेळाने पलीकडे हसणं सुरू व्हायचं. उमेर फोनवर सांगून थकला, "अब्बा, सरांकडे जाऊन पाच मिनिटं बसा. आयात विचारते." हारुन ऐकून घ्यायचा आणि विषय बदलायचा.

त्याला काय सलत होतं ते तो उमेरला सांगू शकत नव्हता. सरांची बायको जिवंत होती, ठीक आहे, नशीब. सरांना पेन्शन होती, ठीक आहे. पण फरीदा शुक्रवारी तिकडून परत यायची तेव्हा तिचा चेहरा वेगळा असायचा. लग्नाच्या वेळी पूर्णगडाहून होडीत बसून आली होती तेव्हा होता तसा. रात्री भाकऱ्या थापतानासुद्धा तो पुरता उतरलेला नसायचा. तो चेहरा ज्या खोलीत व्हायचा ती खोली हारुनने बघितली नव्हती. सरांनी बघितली होती. दोन वर्षं दर शुक्रवारी त्याच्या बायकोला सुखात बसलेली बघणारा माणूस गडग्यापलीकडे राहत होता आणि सकाळी अंगणात उभा राहून दात घासत होता. हारुन तिकडे बघायचं टाळायचा.

अशात एक दिवस चंपावहिनी फणसाच्या भाजीचा वाडगा घेऊन आल्या.

"हारुनभाई, ऐकलंत काय? आयात मला नानी म्हणाली परवा. आणि ह्यांना नाना! हे तर नुसते लाजले."

"असं?" हारुन म्हणाला.

"तुमच्यासारखीच आहे हो. एक भुवई वर करून बघते."

वहिनी गेल्या. हारुनने वाडगा झाकून ठेवला. भाजी त्याच्या आवडीची होती, तरी. त्याची भुवई नातीकडे गेली होती, आणि ती त्याला दुसऱ्याने सांगायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेटची चौकशी करायला बाहेर पडला. चौकशी म्हणजे बाजारात करायचा तशीच, सगळीकडे फिरून, कुणालाही हो न म्हणता.

आधी मारुती मंदिराजवळचा कॅफे. काउंटरवरच्या माणसाने वर न बघताच सांगितलं, "तासाचे वीस."

"आणि पलीकडचा माणूस उशिरा आला तर?"

"मीटर चालू राहणार, चाचा."

"म्हणजे नुसतं बसल्याचे पण पैसे?"

"खुर्चीचे समजा."

आत प्लायवूडच्या खोपट्यांना पडदे लावलेले होते. पडद्यांखालून कॉलेजच्या पोरांच्या चपला दिसत होत्या. "कोणाशी बोलायचंय?" माणसाने विचारलं. "नातीशी," हारुन म्हणाला, तशा दोन पडद्यांतून माना बाहेर आल्या. आयातला दाखवायची जागा ही नव्हे. वीस रुपये स्वस्त होते, तरी नव्हे.

मग बाळा केबलवाला. तो खांबावरच सापडला. त्याने वरूनच सांगितलं, महिन्याला साडेचारशे, वायर लावायचे वेगळे.

"साडेचारशेत काय काय?"

"पाहिजे तेवढं बघा. फक्त आळीतले सगळे एकाच वायरीवर. सगळे एकदम बसले की हळू चालतं."

"एका नळावर सगळी आळी, असंच ना?"

"तसंच."

"आणि पाऊस पडला की?"

"पाऊस पडला की तुमचा टीव्ही पण जातो, चाचा. मलाच तर शिव्या घालता तेव्हा."

शेवटी टेलिफोन ऑफिस. काउंटरवर विमलाबाई होत्या. बोलायला बऱ्या, पण समोरचा किती प्रश्न विचारू शकतो याचा त्यांना अंदाज नव्हता. त्यांनी सांगितलं, ब्रॉडबँड अडीचशेचा आहे आणि नऊशेचा आहे.

"एवढा फरक? काय पापलेट आणि बांगडा?"

"अडीचशेला मर्यादा आहे. चारशे एमबी."

"एमबी म्हणजे?"

"म्हणजे... माप समजा. साधं वाचलंत तर पुरेल. कॅमेरा लावून रोज बोलत बसलात तर आठवड्यात संपेल. वर गेलात की बिल वाढत जाणार. नऊशेला मर्यादा नाही. रात्रंदिवस चालू ठेवा."

"आमच्या शेजारच्या सकपाळ सरांकडे कुठलं?"

"ते मी कसं सांगू?" विमलाबाई म्हणाल्या, पण नऊशेच्या ओळीवर त्यांचं बोट टेकलं होतं ते त्यांनी उचललं नाही.

नऊशे! महिन्याला नऊशे रुपये टाकून हा मास्तर माझी नात बघतो. टाकू शकतो म्हणून बघतो.

"उतरेल काय हा भाव?" त्याने विचारलं.

"उतरेल म्हणतात. वर्षभर थांबलात तर."

बस. हारुनला एवढंच ऐकायचं होतं. मग तोवर काय? तोवर डायल-अप. विमलाबाईंनी सांगितलं, त्याला महिन्याचं भाडं नाही, घरचा फोन आहे त्याच वायरीवर चालतं, वापराल तेवढं फोनच्या बिलात. सगळ्यात स्वस्त. "मात्र हळू आहे. आणि तुम्ही नेटवर असेपर्यंत फोन अडकलेला राहील. कोणाचा येणार नाही, जाणार नाही."

"अडकू दे," हारुन म्हणाला. "मला कोण फोन करतो?"

कॉम्प्युटर बहिणीच्या मुलाने दिला. अनस सौदीहून परत येऊन दुरुस्तीचं दुकान चालवत होता. जुना डबा, जुना पडदा, वर चिमट्याने बसवायचा कॅमेरा आणि कानाला लावायचं यंत्र, असं सगळं त्याने हारुनच्या माजघरात मांडलं. नावं घातली, उमेरचं नाव यादीत टाकून दिलं. "ह्याचं नाव आत्ता राखाडी आहे ना? तो बसला की पिवळा चेहरा हसायला लागेल. मग ह्याच्यावर दाबायचं."

मग अनस दुकानात गेला आणि तिथून त्याने आपलं चित्र पाठवून बघितलं. हारुन पडद्यासमोर बसला. आधी अनसची टोपी आली. बराच वेळ टोपीच. मग कपाळ. भुवयांपर्यंत आल्यावर चित्र थांबलं ते थांबलंच.

"दिसतंय काय, मामू?" अनसने परत येऊन विचारलं.

"अर्धा आलास."

"मामू, मी सांगतंय ते ऐका. कॅमेऱ्याला हे पुरायचं नाय. ब्रॉडबँड घ्या."

"उतरल्यावर."

हारुनने उमेरला काही कळवलं नाही. अचानक पडद्यावर जायचं आणि त्याला चकित करायचं, हे त्याने ठरवलं होतं. शुक्रवारी तो नमाजहून आला, ईदचा सदरा अंगातून काढला नाही, दाढी विंचरली. समोरच्या दाराला आतून कडी घातली, म्हणजे चंपावहिनी वाडगा घेऊन यायला नकोत. खिडकी तर लावलेलीच होती. मग त्याने नेट लावलं. कॉम्प्युटरमधून करवतीसारखा आवाज आला, शिट्ट्या झाल्या आणि शांत झालं. लागलं. अनसने सांगितलं होतं, एकदा लागलं की सोडू नका, परत लागेल न लागेल. म्हणून तो दोनलाच बसला. लिलावाच्या ओट्यावर पाटी ठेवून जागा धरतात तशी त्याने लाइन धरून ठेवली.

उमेरचं नाव राखाडी होतं. हारुन कानाला यंत्र लावून बसला. चारपर्यंत ते पिवळं होईल. मग आधी तो इथे येईल. आज सरांच्या पडद्यावर कोणी येणार नाही. चंपावहिनी 'आयात, आयात' करत बसतील आणि सर चष्मा पुसत बसतील. बसू देत. एक शुक्रवार त्यांनाही कळू दे, रिकाम्या खोलीत बसणं कसं असतं. या विचाराने त्याला बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

तीन वाजले. पावणेचार झाले. नाव राखाडीच. पडद्यावरचं वाळूचं घड्याळ उलटंसुलटं होत होतं. लाइन धरलेली होती, पण तिच्यातून काही सरकत नव्हतं. हारुनला हे कळायचं काही कारण नव्हतं. त्याला वाटलं, उमेर अजून नमाजहून यायचा असेल. दोन रिंगा आल्या नाहीत अजून.

आणि कोणीतरी त्याचा खांदा धरून गदागदा हलवला.

कानातलं यंत्र खाली पडलं. मागे सकपाळ सर उभे होते. अंगात नुसतं बनियन, चष्मा नाही, नडगीवरून रक्ताचा ओघळ. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. त्यांनी हारुनकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, ईदच्या सदऱ्याकडे बघितलं, आणि तिथेच जमिनीवर बसकण मारली.

"जिवंत आहात!" ते म्हणाले. "अहो, जिवंत आहात तुम्ही!"

"म्हणजे? आणि आत कसे आलात?"

"मागचं दार तोडलं. कडी गेली तुमची. किती हाका मारल्या! दार वाजवलं, खिडकी वाजवली. उमेर तासभर रिंग देतोय, तुमचा फोन सारखा एंगेज. रडायला आलाय तो. म्हणाला, सर, अम्मीच्या वेळेला पण फोन असाच झाला होता, कोणी उचलत नव्हतं. मी घाईत गडग्यावरूनच उडी मारली. या वयात!"

हारुनने फोनकडे बघितलं. रिसीव्हर जागेवर होता, पण वायर कॉम्प्युटरच्या पाठीत गेली होती. दोन रिंगा येणार कुठून? ज्या वायरीवरून पोराची खुशाली फुकट यायची, ती वायर त्याने स्वतःच दोन वाजल्यापासून विकत धरून ठेवली होती.

"चला आता," सर उठत म्हणाले. "तो पडद्यावर बसलाय. आयात पण रडतेय बापाला बघून. तोंड दाखवा एकदा."

"इथूनच रिंग देतो."

"रिंग कसली देता? पोर समोर आहे तिकडे!"

"नाय येणार मी तुमच्याकडे." हारुनचा आवाज चढला. स्वतःच्या चुकीने ओशाळलेला माणूस चढवतो तसा. "सगळं तुमच्याकडेच बघायचं काय मी? तुमच्याकडे नऊशेचं आहे म्हणून? माझी नात तुम्हाला नाना म्हणते. माझा पोरगा घाबरला की तुम्हाला फोन करतो. माझी बायको... दोन वर्षं ती तुमच्या घरात बसून हसली. ती हसताना तुम्ही बघितलीत. मी नाय बघितली. आता अजून काय राहिलंय माझ्याकडचं? न्या तेही."

सरांनी वाकून नडगीवरचं रक्त बनियनच्या टोकाने पुसलं. मग म्हणाले,

"हारुनभाई, माझी तेजल आमच्या त्या कॉम्प्युटरवर किती वेळा आली, विचारा."

"किती?"

"एकदा. लावला त्या दिवशी. आवाज येतो का, चित्र दिसतं का, बघितलं आणि गेली. तिचं नाव दिसतं आम्हाला, दिवसभर तिथेच असते ती. पण नावापुढे लाल खूण. कामात आहे. आम्ही दाबत नाही. दर शुक्रवारी तुमचं पोर बहारिनहून धावत येऊन आईसाठी बसायचं. मी ओटीवर बसून ऐकायचो आणि मला वाटायचं, हा मच्छीवाला काय पुण्य करून आलाय. बंदरावर बसून राहतो आणि ह्याचा मुलगा तरी ह्याचंच नाव घेतो." ते थांबले. "तुम्हाला काय वाटलं, जळणं तुम्हालाच येतं?"

सरांचा हारुनला हेवा होता, तो एका शब्दाने कमी झाला नव्हता. पण आपलाही कोणी हेवा करत असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. ते ऐकून त्याला थोडं सुख झालं, हेही खरं.

"नऊशे कशाला भरता मग?" तो म्हणाला.

"बंद केलं तर आयात कुठे येईल?"

बाहेरून चंपावहिनींची हाक आली, "अहो, आहेत ना? काय झालं, सांगा तरी कोणी!" त्यांचा आवाज रडका होता.

हारुन उठला. आधी त्याने नेट बंद केलं, त्याचं बिल चालू होतं. मग तुटलेल्या दारातून बाहेर पडून तो गडग्यापाशी आला. फरीदा ज्या जागेवरून जायची तिथले दोन चिरे काढलेले होते. त्या वाटेने तो कधी गेला नव्हता. वाट अरुंद होती, त्याला अंग तिरकं करावं लागलं.

खोली साधीच होती. एक टेबल, कपाट, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. पडद्यासमोर एक खुर्ची आणि खुर्चीवर उशी. उशीचा अभ्रा हिरव्या चौकटींचा होता. हारुन तो बघतच राहिला.

"ही माझी लुंगी."

"फरीदाभाभींनी शिवली ती," चंपावहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "खुर्ची टोचायची त्यांना."

"दोन वर्षं शोधतोय मी ती. मला सांगितलं, वाळत घातली होती, वाऱ्याने गेली."

तो आपल्या लुंगीवर बसला. पडद्यावर उमेर होता, डोळे लाल. मुलाला बघायला हारुन वाकला तसा उमेर तोंडावर हात ठेवून बाजूला झाला. काही वेळ पडद्यावर नुसती भिंत होती, आणि भिंतीवरचं घड्याळ. मग खालून एक डोकं वर आलं. दोन वेण्या, पुढचा एक दात नाही. एक भुवई वर करून ती बघत राहिली.

"तुझी नुसती दाढी दिसते," ती म्हणाली. "खाली बस ना."

फरीदा त्याच्याहून बुटकी होती, आणि कॅमेरा तिच्या मापाने वाकवून त्याला दोरा बांधलेला होता. हारुनने तो सोडला नाही. खुर्चीतच तो खाली घसरला. पाठीला रग लागली, पण तोंड पडद्यावर आलं.

"तू दादा?"

"हो गो."

"दादी म्हणायची, भाव उतरला की दादा येणार." आयात पुढे सरकली, तिचं नाक मोठं झालं. "उतरला?"

सर भिंतीकडे बघत होते. हारुनने घसा साफ केला. आयुष्यभरात एवढ्या सरळ प्रश्नाला त्याने कधी सरळ उत्तर दिलं नव्हतं. भाव विचारला की आधी इकडेतिकडे बघायची त्याची सवय.

"नाय उतरला," तो म्हणाला. "तसाच आलो."

"बरं," आयात म्हणाली. तिला ते चाललं.

परदेशच्या फोनवर बोलायची हारुनला सवय होती, बरं आहे का, जेवलास का, ठेवतो. इथे ते सगळं पहिल्या श्वासात संपलं. तो सवयीने मागे वळला. "सर, किती वेळ झाला?"

"होऊ द्या. ह्याला मीटर नाही."

हारुन परत पडद्याकडे वळला. आयात त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे बघत होता. कोणी काही बोलत नव्हतं आणि त्याचं काही बिल होत नव्हतं. तिने जिभेने पडलेल्या दाताची जागा चाचपली. त्याने आपल्या मागच्या दाढेची रिकामी जागा तोंड उघडून दाखवली. ती हसली. पत्र्याचा डबा नव्हता आता त्या आवाजात, किंवा असेलही.

हारुनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच त्याला पाठीमागे सर उभे आहेत हे जाणवलं. जुना सल उठला. हेही हा माणूस बघणार. फरीदाचं बघितलं, आता माझं.

"सर," तो मान न वळवता म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर बसता काय?"

घर सरांचं, नऊशे सरांचे, नडगी सरांची फुटलेली. बोलून गेल्यावर हारुनला ते कळलं. पण सर मुकाट्याने बाहेर गेले. चंपावहिनी त्यांच्यामागून गेल्या आणि दार ओढून घेता घेता त्यांना हसू आलं.

"काय झालं?" हारुनने विचारलं.

"काही नाही. फरीदाभाभी पण हेच करायच्या. आल्या आल्या आम्हाला बाहेर काढायच्या. आम्ही दोघं ओटीवर. भाभी उठून गेल्यावर मग पोर आमच्याशी बोलायची." वहिनींनी दार लावलं. "त्या बोलत असताना आत कोणाला सोडलं नाही त्यांनी कधी."

दार लागलं. हारुन लुंगीवर आणखी थोडा खाली घसरला, फरीदाच्या उंचीला आला, आणि म्हणाला, "हां, आयात. आता बोल."